नाव ठेवणं

डुलुथच्या लायब्ररीत, तळघरात, बॉयलरशेजारी
दर मंगळवारी एक घडीचं टेबल उघडतं.
टेबलामागे मी. पुढ्यात फॉर्म, दोरीला बांधलेलं पेन
आणि बिस्किटांचा डबा, जो नेहमी
फॉर्मांच्या आधी संपतो.

टेरेल आला तेव्हा त्याच्या बुटांतून वितळलेला बर्फ गळत होता.
एकोणीस वर्षांचा. पाठीवर गुंडाळलेलं अंथरूण.
गोदामात काम मिळालं होतं त्याला, रात्रपाळीचं,
सोमवारपासून. फक्त ओळखपत्र आण, म्हणाले.
ओळखपत्राला जन्मदाखला हवा.
जन्मदाखल्याला ओळखपत्र हवं.
हे सांगताना तो हसला,
स्वतःचं शेपूट धरायला फिरणाऱ्या कुत्र्याला हसावं तसा.
"आणि दोन्हीकडे पैसे."
खिसा उलटा करून दाखवला:
चार डॉलर, काडी मोडलेला चष्मा, कालचं बसचं तिकीट.

फी लागत नाही, मी म्हटलं.
त्याने मागे वळून पाहिलं,
मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय असं वाटून.

"पत्ता" या शब्दापाशी पेन अडलं.
काय लिहू? बस डेपो, दुसरा बाक, हीटरच्या बाजूचा?
इथला लिही, म्हटलं. आता कुणी शोधलंच
तर तुझा पत्ता लागेल.

मग माझं पत्र. एकच वाक्य असतं त्यात:
या तरुणाला राहायला घर नाही, हे मला माहीत आहे.
खाली सही.
सात वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्यासाठी
ओडेट प्रुइटने लिहिलं होतं, हिरव्या शाईने,
आणि मी रडले होते, कृतज्ञतेने नाही,
ते इतकं थोडक्यात मावतं म्हणून.

काउंटीच्या खिडकीतली बाई म्हणाली, सव्वीस डॉलर.
मी नियमाचा कागद काचेखालून सरकवला.
तिने चष्मा वर केला, खाली केला,
आत जाऊन कुणाला तरी विचारून आली.
वाईट नव्हती ती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
शुक्रवारी या, म्हणाली.

शुक्रवारी दाखला आला. जाड कागद, उठावाचा शिक्का.
जन्म हिबिंगचा, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
"चार दहा," तो दोनदा म्हणाला.
आईचं वय सोळा.
आडनाव व्हिटकॉम्ब.
आणि नावाच्या जागी, टाइप केलेलं:
मुलगा.

एवढंच. मुलगा.
नावं ठेवणारे आयुष्यभर भेटले त्याला,
शाळेत, दुकानांच्या दारांत, बाकावरून उठवणारे पोलीस;
नाव ठेवायला मात्र
त्या पहाटे कुणाला सवड झाली नव्हती.

मग टेरेल कुणी म्हटलं तुला पहिल्यांदा?
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
बंदरात एक मालवाहू जहाज बर्फात रुतलं होतं तिकडे.
"तिसऱ्या घरातली एक म्हातारी होती. वर्मा.
तिचा भाऊ मेला होता, त्याचं नाव.
मला वाटतं, तिला ते वाया घालवायचं नव्हतं."

दुसरा फॉर्म काढला. नाव भरण्याचा.
यालाही फी नाही, मी सांगितलं,
या वेळी त्याने मागे पाहिलं नाही.
पण सोमवार गेला. गोदामाने दुसरा माणूस घेतला.
हेही इथे लिहायला हवं,
नाहीतर ही कविता नुसती हसऱ्या चेहऱ्याची जाहिरात होईल.

शेवटी सही.
"सही म्हणजे कशी?" त्याने विचारलं.
कशीही. तुझी.
बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणावर
त्याने सराव केला, सतरा वेळा.
पहिल्या काही घाबरलेल्या, नंतरच्या भल्यामोठ्या,
एकीत तर शेवटचं अक्षर इतकं लांब गेलं
की ते झाकणावरून उतरून टेबलावर आलं.

टेबल मी अजून पुसलेलं नाही.