वाऱ्याच्या दिवसाचा हिशेब

पुंता अरेनासला वारा असा, की
चौकात दोरखंड ताणून ठेवतात
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
तिथे सुपाचं दुकान काढायचं म्हणाली
माझी बहीण एदुविहेस,
एकावन्नाव्या वर्षी,
खेकड्यांच्या कारखान्यातून
आखडलेली बोटं घेऊन बाहेर पडल्यावर.

मी म्हटलं, काढ की. विचार कसला करतेस?
मीही काढलं होतं एकदा, केस कापायचं.
दोन खुर्च्या, लाल कातड्याच्या,
आणि आरसा एवढा मोठा
की अकरा महिने त्यात मी मलाच बघत होतो.
(खुर्च्या अजून शेडमध्ये आहेत. एकीत मांजर व्यायली.)

ती काही बोलली नाही.
लेकीची चौकटींची वही उघडली,
लिहिलं: सूप.
खाली लिहिलं: कोणासाठी?
आणि तिथेच तीन दिवस अडली.

चौथ्या दिवशी डाव्या खिशात वाल भरून
बंदराच्या चढावर जाऊन उभी राहिली,
तिला आवडलेल्या निळ्या दारासमोर.
एक माणूस गेला, की एक वाल उजव्या खिशात.
संध्याकाळी माझ्या टेबलावर ओतले.
दोनशे बारा.
मी टाळी दिली. झालं तर मग!
ती म्हणाली, आज वारा नव्हता, ओनोफ्रे.

वाऱ्याच्या दिवशी एकतीस.
त्यातला पोस्टमन दोनदा.

मनातले मांडे भाजायला
सरपण लागत नाही.
वहीतल्या सुपाला मात्र सगळंच लागलं:
कांदा, गॅस, घरभाडं, फुटणाऱ्या वाट्या,
जुलैत बोट आली नाही तर
बटाटा कुठून, तेही.
ती खोडायची, पुन्हा लिहायची,
रबरानं एका जागी पान भोकापर्यंत झिजलं.
तेरा हजारांचा तोटा झाला त्या रात्री,
पेन्सिलीनं.
सकाळी उठून तिनं चहा केला
आणि तो तोटा पुसला.
माझा तोटा मी अजून फेडतोय.

एकतीस वाट्या निळ्या दाराचं भाडं देईनात.
पडद्याचं कापड तिनं आधीच मनात बेतलं होतं,
पिवळं, बारीक फुलांचं.
दोन दिवस ती माझ्याशीही नीट बोलली नाही.
मग त्या पानावर तिरकी रेघ मारली
आणि नवीन पानावर तोच प्रश्न पुन्हा लिहिला:
कोणासाठी?

या वेळी उत्तर तिच्या बोटांनाच आठवलं.
रात्री साडेदहा. कारखान्याचं मागचं फाटक.
वीस मिनिटांची सुट्टी, एकशे चाळीस बायका,
हात बर्फातून काढलेले,
आणि गरम असं काही
मैलभरात नाही.
तिथे वारा असो नसो,
माणसं मोजायला वाल लागत नाहीत.

शेवटचं पान तिनं मला दाखवलं नाही,
मी चोरून वाचलं.
'कधी थांबायचं', असा मथळा होता,
खाली तारीख, खाली रक्कम,
खाली सही, जशी एखाद्या परक्या माणसाला देतात तशी.
मी बराच वेळ ते पान धरून बसलो.
मला कोणी थांबवलं नव्हतं.
एक दिवस गिऱ्हाईक यायचं थांबलं,
आणि त्यानंतरही चार महिने
मी कात्र्यांना धार लावत राहिलो.

त्याआधीच्या पानावर, 'सामान' या यादीत,
तीन पिंपं, दोन पळ्या, एक हातगाडी,
आणि पेन्सिलीनं अगदी फिकं:
ओनोफ्रेच्या खुर्च्या (विचारायचं. वाईट वाटेल का?)

आता तिसरा हिवाळा.
ती तारीख आली आणि गेली,
त्या संध्याकाळी तिनं वही काढली, बेरीज केली,
आणि गाडी ढकलायला मला हाक मारली.
फाटकापाशी, पत्र्याच्या आडोशाला,
एक लाल खुर्ची आहे.
बायका तिच्यात पाळीपाळीनं बसतात,
मान मागे टाकतात, डोळे मिटतात,
वाटी दोन्ही हातांत.

दुसरी मी दिली नाही.
मांजर तिच्यात आहे.