सांधणी

दोन हजार चारशे टोकं,
संपलेल्या बीमची नव्या बीमला,
उकिडवं बसून, चिमटीत पीळ देऊन.
दत्त नगरच्या गल्लीत एकतीस वर्षं हेच.
टॉवेलवर माझं नाव नसतं.
गाठ दिसली, तर माल परत येतो.

खांदा मात्र गाठींनी नाही गेला.
बीम चढवताना पलीकडचा पोरगा
खिशातल्या फोनसाठी वळला,
सगळा भार माझ्याकडं,
आणि आत कुठंतरी
ओलं फडकं फाटावं तसं झालं.

सात रस्त्याला डॉक्टर हत्तुरे.
त्यांनी दंड धरून वर नेला,
तिथं माझी मराठी संपली.
मी म्हणालो, नोप्पी.
ते म्हणाले, नोवु, होय?
नर्सनं लिहिलं : दुखते.

पडद्यावर माझा खांदा, राखाडी, ढगाळ.
"हा स्नायुबंध हाडापासून सुटलाय,
सुटून आत सरकलाय.
दुर्बिणीतून जाऊ, तीन-चार भोकं.
हाडात खुंट्या, खुंट्यांना दोरे,
ओढून जागेवर बांधू.
नाहीच पोचला,
तर पाठीतला दुसरा वळवून आणू.
तेही नाही जमलं, तर सांधाच उलटा :
वाटीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी वाटी.
पण ते एवढ्यात नको, तुमचं वय काय."

मागं नरसम्मा.
तिची बोटं पदरात वळत होती
पानाशिवाय, तंबाखूशिवाय विड्या.
"नाहीच केलं तर?"
"दुखणं उतरेल थोडं. हात वर जाणार नाही."

मी विचारलं, गाठी किती?
"चार. फार तर सहा."
हसूच आलं मला. चार!
"ताण सैल करून मारता, का ताणावरच?"
तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा
कागदावरून मान वर केली.
"ताणावर बांधलं तर पुन्हा सुटतं."
तेच, म्हणालो मी.

सहा आठवडे झोळी.
सहा महिने जड काही नाही.
आणि बीम?
ते चष्मा पुसत बसले.

रात्री नरसम्मानं बाही सोडवून शर्ट काढला,
लहान पोराचा काढावा तसा,
आणि काही बोलली नाही.
शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते.
खाटेवर पडल्या पडल्या मला कळलं,
तिसऱ्यावर धागा तुटलाय.

त्या पोराला कळायला
अजून बराच वेळ लागला.