पुठ्ठ्याचं यंत्र

यंत्र अजून झालं नव्हतं.
म्हणून तासगावच्या शेडमध्ये, बेदाण्याच्या पट्ट्यामागं,
एका उलट्या क्रेटवर मी बसलो
आणि यंत्र झालो.

समोर पुठ्ठ्याची चौकट,
जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलेली बटणं,
कात्री, डिंक, चिठ्ठ्यांचा गठ्ठा.
कुणी कुठं बोट ठेवलं की
कुठली चिठ्ठी पुढं सरकवायची, ते मला पाठ.
नियम एकच : यंत्र बोलत नाही.

आधी लगमव्वा आली, जतकडची.
चिकट बोटानं 'हिरवा' दाबला.
मी चिठ्ठी बदलली.
ती वाकून चौकटीच्या मागं डोकावली
आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली,
"आत माणूस हाय की गं ह्येच्या!"
मी नियम पाळला.
कान तेवढे तापले.

मग हसीना नदाफ.
बावीस हंगाम काडी वेचलेली,
गंधकाच्या धुरीनं आवाज बसलेला.
सकाळभर ती 'काळा' जास्त दाबत होती,
म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी शहाणपणानं
'काळा' उचलून तिच्या अंगठ्याजवळ चिकटवला.
आपोआप जुळवून घेणं म्हणजे हेच,
विश्रामबागेतल्या ऑफिसच्या फळ्यावर
मीच लिहिलं होतं, बाण काढून,
खाली दोन रेघा मारून.

सुट्टीनंतर पाव तासात
एक पूर्ण पाटी भलत्याच क्रेटमध्ये गेली.

"कुणी हलवलं?"
यंत्र गप्प.
"मी बघून दाबत न्हाई. हात जातो.
मागल्या साली मुकादमानं टोपल्या बदलल्या, न सांगता,
तवाबी असंच झालं.
पर त्यो शिव्या खायाला समोर उभा तरी हुता."

भूपाल चौगुले, शेडचे मालक, लांबूनच म्हणाले,
"शिकू दे गं त्याला, नवीन हाय."
कुणाला म्हणाले, मला की पुठ्ठ्याला,
अजून कळलेलं नाही.

चारच्या सुमारास पत्र्याच्या भोकातून
ऊन तिरकं आत आलं,
आणि हिरवा बेदाणा पिवळा दिसायला लागला.
कुणी काही बोललं नाही.
सगळ्या बायकांनी आपापल्या पाट्या
हातभर डावीकडं ओढल्या, सावलीत,
गप्पांचा धागा न तोडता.

माझ्या गठ्ठ्यात उन्हाची चिठ्ठी नव्हती.
एक कोरी फाडली. लिहिलं : ऊन.
कुठं चिकटवायची ते सुचेना,
म्हणून कपाळाला लावली.
हसीना पहिल्यांदा हसली.

हसता हसताच विचारलं,
"हे शिकणार कुणाकडनं?"
नियम मोडला. "तुमच्याकडून."
"माझ्या चुकाबी?"
"त्यापण."
"आणि शिकून झालं की?"

मी गठ्ठा चाळला.
पुन्हा चाळला.
हिरवा होता, पिवळा होता, काळा होता,
'पुढे' होतं, 'मागे' होतं, 'थांबा' होतं.
पट्टा तोवर चालूच,
बेदाणे पडत होते टपटप.

तिनंच माझ्या कानावरची पेन्सिल काढली.
कोऱ्या तुकड्यावर, एकेक अक्षर उभं करत लिहिलं :
विचार.
"हलवायच्या आधी," म्हणाली. "आधी मला विचार.
तेवढं आलं की बाकीचं मी शिकवीन.
हजेरी मात्र पूर्ण लाव आजची."

पुढं काच आली, वायरी आल्या,
ते बटण खरं झालं, खालच्या कोपऱ्यात.
ऑफिसात एकानं म्हटलंच,
ह्यानं वेग कमी होतो.
होतो.
तिच्या दुसऱ्या प्रश्नाची चिठ्ठी
मला अजून बनवता आलेली नाही.

परवा ड्रॉवर उघडला, तर मुंग्या.
लग्नपत्रिकांना अजून गोडवा चिकटलेला,
त्यावरून एक ओळ सरळ चाललेली.
आवरावं म्हणून मी 'काळा' उचलला
आणि ओळ जागच्या जागी थबकली,
पुढच्या मुंग्या हवेत मिशा हलवत,
मागच्या येतच होत्या.
मी तो हळूच
होता तिथं ठेवला.