चाळीस रुपये

बुधवारी जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या
आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्यामध्ये
तो पडला होता : रेमंड ऑल्कॉट,
मांडीवर गिटार, पायात एकच मोजा.
कव्हरवर बुरशी. "इंग्रजी भजनं असतील,"
मुनीरभाई म्हणाले, "चाळीस द्या."

रास्ता पेठेत आणून पुसला
साबणाच्या पाण्यानं, खाचेच्या चालीनं, गोल गोल.
सुई टेकवली.
आधी खुर्ची करकरली.
कुणीतरी नाक ओढलं.
मग तो आवाज, भाजलेल्या कणसासारखा,
कडेनं काळा, आत दूध.

शब्द निम्मेच कळले. लीड्स, एक बस, आईचा कोट.
तारेवरून सरकताना बोटं चिरकतात
ते मात्र पुरतं कळलं.
सव्वीस वर्षं मीही वाजवलंय ऑर्केस्ट्रात,
गणपतीत, लग्नांत,
स्टेजच्या अंधाऱ्या बाजूला.

भाचा फोनवर शोधून सांगतो :
आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवलं यानं,
स्वतःची ही एकच. तीनशे प्रती.
आता तिकडे पुन्हा काढतायत, माणूस गेल्यावर.
"मामा, हिचे लाखभर येतील."

तिसऱ्या गाण्यात ओरखडा आहे.
"आय स्टिल..." म्हणतो, आणि मागे जातो,
"आय स्टिल..."
मेथी निवडता निवडता शालन म्हणाली,
"उचला की सुई, बिचाऱ्याला पुढे जाऊ द्या."

उचलली नाही.
कपाटामागची गिटार काढली,
पाचवी तार गंजलेली,
तरी त्याच्या त्या अडकल्या जागी
हळूच, खालच्या पट्टीत,
साथीला बसलो.