परत करणे

जेलरोडला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे,
त्या पत्र्याच्या दुकानावर पाटी नव्हती.
लोक म्हणत, गांगुर्ड्यांकडे टाका.
रद्दी, बाटल्या, फुटका कुकर,
कधीमधी नवराबायकोचं भांडणसुद्धा.

पलीकडे प्रेसमध्ये कोऱ्या कागदाच्या नोटा होत,
इकडे आप्पा छापलेला कागद किलोवर मोजत.
"दोन्ही कागदच," म्हणायचे,
"त्यांचा जरा लवकर मळतो."

काटा खरा. इतका, की आई चिडायची.
"अहो, ती बाई बघतसुद्धा नव्हती."
"मी बघत होतो ना."
संपला विषय. चहा टाक.

माझ्या वह्या त्यांनी शिवलेल्या.
रद्दीतली कोरी पानं, गोणीचा दोरा, दाभण.
एकरेघीनंतर चौरेघी, मध्येच गणिताचे चौकोन,
एका समासात कुण्या वृषाली सोनारचं नाव,
खोडरबराने न गेलेलं.
सातवीत मी एक वही टराटरा फाडली,
सगळ्यांसमोर, लाज वाटून.
सकाळी ती उशाशी होती,
पुन्हा शिवलेली. या वेळी दोरा दुहेरी.
ते काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

तशाच चाळीस वह्या दर जूनला
नगरपालिकेच्या शाळेत जात.
आणि गठ्ठ्यात सापडलेली कुणाची मार्कशीट,
कुणाचं लग्नाआधीचं पत्र,
ते सायकलवर देऊन यायचे, पार भगूरपर्यंत.
पत्र वाचलं का, विचारलं तर म्हणत,
"पत्ता वाचला."

अनंत चतुर्दशीला दसकच्या घाटावर
कमरेइतक्या पाण्यात उभे राहून
पिशव्यांतून फुलं वेगळी काढत.
"देव सोडा, पिशवी नका सोडू, मावशी."
तीन दिवस अंगाला कुजक्या झेंडूचा वास.
त्या खतावर आमचा कढीपत्ता छपरापर्यंत गेला.
आई शेजारणींना सांगायची,
आमच्या फोडणीला निर्माल्याचा वास येतो.
तक्रार होती की मिरवणं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पंधराव्या दिवशी एक रिक्षा थांबली.
आतून घडी केलेली व्हीलचेअर निघाली,
पाठीवर हिरव्या ऑइलपेंटने आकडा, चार.
"बाबा गेले आमचेपण. द्यायची राहिली होती."
मग आली एक काठी. मग कमोडची खुर्ची.
भंगारातून निवडून, वेल्डिंग मारून,
कुणाच्या तरी गेटच्या उरलेल्या रंगात रंगवलेलं
हे सगळं ते गावाला वापरायला देत होते.
आम्हाला वाटायचं, विकतात.

वही सापडली, काट्याच्या खालच्या फळीवर.
अर्थात शिवलेलीच.
क्रमांक, वस्तू, नाव, नेल्याची तारीख, परत.
अनामतीचा रकाना नाही.
शेवटच्या पानावर, हलत्या अक्षरात:
अकरा. वॉकर. स्वतः. वीस मार्च.
पुढे, कंसात, परत करणे.

मी तो बाथरूममध्ये नेऊन धुतला.
बुडाचे रबरी बूट झिजले होते, बदलले.
मुठीवरचा हिरवा रंग उडाला होता,
चार बोटं आणि अंगठा, एवढाच.
डबा होता घरात रंगाचा.
उघडला, आणि परत बंद केला.
तारीख घातली.

संध्याकाळी पंचकचा एक मुलगा आला,
आई बाथरूममध्ये घसरली, म्हणाला.
मी खालच्या ओळीत त्याचं नाव लिहिलं.
पेन अडलं, शिसपेन्सिलीने लिहिलं.
"किती द्यायचे?"
मी मान हलवली.
"मग किती दिवस ठेवू?"
"लागेल तोवर."

स्कूटरच्या मागे त्याने वॉकर उलटा बांधला
आणि टाकीच्या वळणावरून गेला,
चारही पाय आभाळाकडे करून
नवे काळे बूट घातलेले.