हजेरीची वही

अध्यक्षाचा हातोडा माझ्या हातात आला तेव्हा
वहीत चव्वेचाळीस नावं होती
आणि खुर्च्यांवर सात माणसं.
बाकीची टेकडीवर, दगडांखाली,
किंवा हॅलिफॅक्सला मुलीकडे,
किंवा नुसतीच वर्गणी थकवून गप्प.

नोव्हा स्कोशियाच्या या खाडीवर
आम्हा फ्रीमेसनांचं लाकडी लॉज,
वरच्या मजल्याच्या छतावर रंगवलेले तारे.
त्यातले वायव्येचे तीन गळतीत गेले.

पहिल्याच बैठकीत एल्डन झ्विकर म्हणाला,
"विकून टाकू. बोटवाले शेडसाठी बरा भाव देतायत."
कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही.
बाहेरून बर्फ खरवडणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा आमच्या तोंडांवरून फिरला
आणि मला कळलं, आम्ही किती म्हातारे दिसतो.

अडचण अशी,
की आमच्यात कुणाला 'ये' म्हणायचं नसतं.
जुना रिवाज. ज्याला यायचं, त्यानं आपणहून विचारायचं.
मग सभासद वाढवायचे कसे?
मी तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली.
इंजिन सुरू होत नसेल तर त्याच्यावर ओरडून उपयोग नाही,
आधी बघायचं, तेल पोचतंय का.

म्हणून तळघर उघडलं.
तिथे धूळ खात पडल्या होत्या
अकरा चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, हॉस्पिटलच्या दोन खाटा,
कधीकाळी गावाला उसन्या द्यायला घेतलेल्या.
दोन शनिवार आम्ही ग्रीस लावत बसलो.
ऑब्री मोसमन, दृष्टी गेलेला,
बोटांनी चाचपून सैल स्क्रू शोधत होता.
वाण्याच्या खिडकीत कागद चिकटवला:
लागेल त्याने न्यावी. परत आणली तर बरं.
"हिशोब कसा ठेवणार?" एल्डनने विचारलं.
"ठेवणारच नाही."

हिवाळाभर खुर्च्या जात-येत राहिल्या.
कधी सोबत पाव यायचा, कधी लॉब्स्टरची बादली,
कधी नुसती खुर्ची, आणि नजर चुकवणारं कुणी.
ग्विनेथ क्राउजचं धुराडं पेटून स्वयंपाकघर जळालं
तेव्हा भिंत उभी करायला आम्ही सातहीजण गेलो.
गुण्या, ओळंबा, पाणसळ:
पदकं करून इतकी वर्षं गळ्यात मिरवली
ती अवजारं पहिल्यांदा खऱ्या भिंतीला लावली.
तरी भिंत जरा कललीच.
ग्विनेथ म्हणाली, राहू दे, ओळखीची वाटते.

मार्चमध्ये एक तरुण खुर्ची घेऊन आला.
टेवोल्डे, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
आई गेली होती.
तिने विणलेली लोकरीची गादी खुर्चीवर तशीच.
त्याने खुर्ची रांगेत लावली, ब्रेक ओढला,
सगळ्या मोजल्या. "दहाच आहेत."
मग जिन्याकडे बघून,
"वर काय करता तुम्ही?"

'ये' हा शब्द माझ्या जिभेवर आला,
गिळला.
"बराचसा वेळ चहा पितो," मी म्हटलं.
तो हसला नाही. गेला.
दोन गुरुवारांनी पुन्हा आला, आणि या वेळी
दारात उभं राहून नीट विचारलं.

मतदानाची पेटी फिरते.
पांढरी गोटी म्हणजे होकार, काळा ठोकळा म्हणजे नकार,
आणि एक ठोकळा पुरतो.
आकार वेगळे, म्हणजे ऑब्रीच्या बोटांना चुकायला नको.
एल्डनचा हात पेटीत बराच वेळ राहिला.
कान देऊन बसलं तर कळतं:
ठोकळा पडतो, घरंगळत नाही.
असं ऐकायचं नसतं. मी ऐकलं.

घरंगळली.

वहीत पंचेचाळिसावं नाव लिहिताना
माझं स्पेलिंग दोनदा चुकलं,
त्यानेच पेन घेऊन दुरुस्त केलं.
छत अजून गळतंय.
खाली बादली ठेवलीय, लॉब्स्टरचीच, एल्डनने.
अकरावी खुर्ची अजून आलेली नाही.
लागत असेल कुणाला.