कात्री

सासूबाईंची कात्री अजून गल्ल्याशेजारच्या खिळ्याला आहे.
चाळीस वर्षं त्यांनी ह्या गावासाठी पट्ट्या कापल्या:
दोन लाल, एक पांढरी, अर्धी पिवळी,
कागदाच्या पुडीत.
पुडीवर पेन्सिलीनं सूर्य, पेन्सिलीनं चंद्र.
सकाळी घे, रात्री घे, तिसऱ्या दिवशी बरं वाटेल.
वाटायचंही.

निन्ह को नदीच्या काठी आज कोष उकळताहेत.
वास दुकानापर्यंत आलाय, आणि त्याच्यामागून थोआमावशी,
जबड्याला चौकड्याचा रुमाल.
एक गाल असा, की तोंडात कोषच धरलाय.
बोटं पाण्यानं सुरकुतलेली, पांढरी,
वाफेत धाग्याचं टोक शोधून शोधून चटके विसरलेली.
"होआईच्या नवऱ्यानं घेतली होती ना, ती दे.
जंतूंची आणि सुजेची एकत्र.
चारच दे. चार पुरतात."

मी पट्टी काढते.
एका कवचात दोघं: एक जंतूंवर,
दुसरं सुजेवर, रेशीमकिड्याच्या पोटातल्या जिवाणूत
पहिल्यांदा सापडलेलं, म्हणे.
कंपनीचा माणूस तर सांगून गेला,
ह्याच्याच बळावर पतंग कोष विरघळवून बाहेर येतो.
मला खात्री नाही. तरी सांगते.
मावशी गाल धरून हसतात:
"आमच्याकडे कुठला पतंग बाहेर येतो, पोरी?"

मग मी विचारते.
पेनिसिलिननं कधी अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले?
नाही.
पोटात व्रण?
चहानं जळजळतं, कधीमधी.
रोजचं काही चालू आहे?
नाही.

हे "नाही" माझ्या ओळखीचं.
रोजची गोळी फार दिवस घेतली की औषध राहत नाही,
ती चप्पल होते. पायात असते, आठवत नाही.
म्हणून मी मागच्या दारानं जाते:
सकाळी उठल्यावर काय काय करता, मावशी?
"तोंड धुते. पितरांना उदबत्ती लावते.
मग ती गुलाबी गोळी,
हृदयात झडप बसवली तेव्हापासूनची."

रक्त पातळ ठेवणारी.

पट्टी हातात होती, ती खाली ठेवली. एवढंच केलं.
आधीच पातळ रक्त,
त्यात हे विरघळवणारं कुठं थांबेल?
त्याला काय कळतं, कोष कुठला आणि हिरडी कुठली.

मावशी चिडल्या.
"तुझ्या सासूनं इतकं कधी विचारलं नाही."
नाही विचारलं.
लाम होडीवाल्यालाही नाही.
तो रात्री निळा पडला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात
सगळे विचारत होते, काय खाल्लंय ह्यानं?
त्याच्या बायकोनं पुडी पुढे केली.
पुडीवर सूर्य होता. पुडीवर चंद्र होता.
नाव पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर,
इथं, ह्या खणात राहिलेलं.
सकाळी सासूबाईंनी कात्री खिळ्याला लावली.
पुन्हा काढली नाही. मरेपर्यंत कुणाला काही बोलल्या नाहीत.

मी दातांच्या लुआन डॉक्टरांना फोन केला.
त्यांनी पू काढला, नुसतं जंतूंचं औषध लिहिलं,
सुजेचं वगळलं,
आणि चौथ्या दिवशी रक्त तपासायला सांगितलं,
कारण गुलाबी गोळीला ह्या औषधाशीही जमवून घ्यावं लागतं.
मी अख्खं पाकीट दिलं.
वर ठळक अक्षरात नाव, तारीख, किती दिवस, जेवणानंतर.
सूर्यही काढला. मावशींना वाचता येत नाही.

नवव्या दिवशी त्या आल्या. गाल सपाट,
नाकातून रक्त नाही, हिरडीतून नाही,
मुठीत तीन कॅप्सूल.
"बरं वाटलं म्हणून थांबले. ह्या उरल्यात.
भाचीचा घसा धरलाय, तिला होतील."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं दुखणं
असंच तर दुसऱ्या घरी राहायला जातं.
हे मी बोलले नाही.
भाचीला घेऊन या, म्हटलं, आणि हात पुढे केला.

मूठ उघडेना.
मी हात मागे घेईना.
अशा आम्ही दोघी, मध्ये काचेचं कपाट,
आणि खिळ्यावर ती.